शिकणाऱ्या लेकरासाठी हात पुढे करताना

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या याद्या लागतात, तेव्हा आपल्याकडे मृगाचा पाऊस पडत असतो. ऊस रानात उभा असतो आणि पैसाही रानातच उभा असतो. खताची पोती आणायची असतात, सोसायटीचे नवे-जुने झालेले असते. कारखान्याचे धुराडे पेटायला अजून चार-पाच महिने असतात. अशा वेळी पोरगं हातात कागद घेऊन उभे राहते, "आबा, आठ दिवसांत एवढे भरायचेत." घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग आई आपल्या गळ्याला हात लावते, आणि बाप कुणाच्या दारात जावे याचा विचार करीत रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होतो.

पेरणीला पैसा मागायला शेतकऱ्याला लाज वाटत नाही. बैल घ्यायला, विहीर खोदायला, लेकीच्या लग्नाला तो कर्ज काढतो. पण शिक्षणासाठी चार माणसांपुढे शब्द टाकायचा म्हटले की जीभ जड होते. "ऐपत नाही तर कशाला शिकवायचे?" असे कोणी म्हणेल ही भीती असते. या भीतीपायी किती पोरे कॉलेजच्या दारातून परत फिरली असतील, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

म्हणून या विषयावर सरळ बोलू. मागावे का, कुणाकडे मागावे, कसे मागावे आणि घेतलेल्या मदतीचे पुढे काय करावे, हे पाहू.

बावड्याच्या मातीतला दाता

कोल्हापूर शहराच्या उत्तरेला पंचगंगेकाठी कसबा बावडा आहे. पुराच्या दिवसांत राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी सारा जिल्हा कान टवकारून ऐकतो, तो बंधारा बावड्याचाच. छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखानाही इथलाच. गाव आता महानगरपालिकेत आहे, अभियांत्रिकीचे आणि वैद्यकीय महाविद्यालय गावाच्या हद्दीत उभे आहे. तरी उसाची रानेही आहेत आणि म्हशींच्या धाराही आहेत.

याच बावड्यात लक्ष्मी विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटग्यांच्या घरी यशवंतराव जन्मले. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती आला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की खेड्यातले पोर हुशार असले तरी कोल्हापुरात राहणार कुठे आणि खाणार काय, इथेच त्याचे शिक्षण अडते. फीपेक्षा भाकरीचा प्रश्न मोठा होता.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे वसतिगृहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच साली जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. अशी एकामागून एक वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. महाराजांनी जागा दिल्या, पैसा दिला. पण त्याचबरोबर त्या त्या समाजातल्या माणसांना पुढे करून त्यांनाही आपल्या मुलांसाठी हात लावायला शिकवले. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पोराच्या शिक्षणाला मदत मागणे ही त्या काळी भीक मानली गेली नाही. ती गावाची, समाजाची आणि राज्याची गरज मानली गेली.

मागणारा किती मोठा होता, पहा

मागणारा लहान होतो, असे आपल्याकडे म्हणतात. मग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे.

कॉलेजात असताना पैशाअभावी त्यांचे शिक्षण अडले. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नेले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये बी. ए. झाल्यावर, १९१३ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोदा सरकारने महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करीन, असा करार त्यांना लिहून द्यावा लागला. पुढे लंडनला शिक्षण चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून ते परत आले.

हार न मानता त्यांनी मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा बाजूला टाकला. १९२० साली पुन्हा लंडनला निघाले तेव्हा गाठीला तीन ठिकाणचा पैसा होता. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज.

लंडनमध्ये पोटाला चिमटा घेऊन दिवस काढले तरी पैसा पुरेना. कारण त्यांच्या हातात नव्हते. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. वर्ष-दीड वर्षात तो भाव उतरत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. हिंदुस्थानातून निघताना मांडलेला हिशेब तिथे निम्म्यावर आला. तेव्हा सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड मागितले. त्या मागणीत कायद्याच्या अभ्यासाची फी आणि परतीचा प्रवास असा खर्च होता, आणि ही रक्कम कर्जाऊ असून परत आल्यावर व्याजासह फेडीन, असा शब्द होता.

या मागणीचे चार खांब आपण नीट पाहावेत. रक्कम नेमकी होती. ती कशासाठी हवी ते सांगितले होते. तंगी का आली त्याचे खरे कारण दिले होते. आणि परतफेडीचा शब्द दिला होता. यात कुठे रडगाणे नाही, कुठे लाचारी नाही. मागणारा माणूस आपले काम काय आहे हे जाणून होता, म्हणून मान खाली न घालता तो मागू शकला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळवून तो बॅरिस्टर म्हणून या देशात उभा राहिला आणि पुढे देशाच्या घटनेचा शिल्पकार झाला.

कोल्हापुरातून गेलेले एक पत्र

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट अवघड असतो. पण तिथेही वाट कोल्हापुरातूनच गेलेली आहे. गोपाळराव जोशी कोल्हापुरात टपाल खात्याच्या नोकरीत असताना, १८७८ मध्ये त्यांनी पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र अमेरिकेत रेव्हरंड वाइल्डर यांना पाठवले. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच मिशनरी होते. त्यांनी पत्र आपल्या मासिकात छापले खरे, पण ख्रिस्ती व्हाल तर मदत होईल अशा अर्थाचे उत्तर दिले. जोशी दांपत्याने ती अट मानली नाही.

मात्र छापलेले पत्र वाया गेले नाही. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या हाती ते मासिक योगायोगाने पडले. त्यांनी कुठलीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि आपल्या घरात थारा दिला. १८८३ मध्ये श्रीरामपूरला, बंगालमधल्या, भर सभेत उभे राहून आनंदीबाईंनी आपण वैद्यक शिकायला का चाललो ते लोकांना सांगितले. त्यानंतर मदतीचे पैसे आले. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सी. पी. आर. मध्ये, स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. दुखण्याने गाठल्यामुळे ते काम त्यांच्या हातून व्हायचे राहिले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी अवघ्या एकविसाव्या वर्षी त्या गेल्या.

यात आपल्यासाठी दोन खुणा आहेत. पहिला दरवाजा बंद झाला म्हणून वाट बंद होत नाही. आणि मदतीबरोबर येणारी अट आधी नीट वाचून घ्यावी. पटत नसेल तर स्वच्छ नाही म्हणावे.

आधी घरात बसून आकडेमोड

कुणाच्याही दारात जाण्यापूर्वी एका रात्री घरातल्या सगळ्यांनी बसावे. शिकणारे मूल, आई, बाप, आजा, सगळे. वही घ्यावी आणि खर्च मांडावा. एक नमुना पाहू.

समजा, मुलाची वर्षाची फी ४०,००० रुपये. राहणे-जेवण महिना ६,००० प्रमाणे दहा महिन्यांचे ६०,०००. पुस्तके, साहित्य, एस.टी.चा खर्च मिळून २५,०००. एकूण १,२५,०००. आता घरून काय निघते? दुधाच्या पैशातून महिना ४,००० काढले तर वर्षाला ४८,०००. उसाच्या बिलातून ४२,०००. एकूण ९०,०००. म्हणजे तूट ३५,००० रुपयांची.

इथे नीट लक्ष द्यावे. या घराच्या अडचणी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. उसाचे ४२,००० मिळणार आहेत, पण पौष-माघात. फी भरायची आहे आषाढात. ही अडचण वेळेची. तिला हातउसने पैसे पुरतात. बिल आले की फेडले. दुसरी तूट ३५,००० ची, ती खरी तूट. ती बिल आल्यावरही भरून निघत नाही. तिच्यासाठी शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज किंवा मदत पाहावी लागते. दोन्ही अडचणी एकत्र कालवून माणूस पाव्हण्याकडे जातो आणि "लाखभर द्या" म्हणतो, तेव्हा पाव्हणाही बिचकतो आणि मागणाराही बुडतो.

आणखी एक. तूट एका वर्षाची मांडू नये. चार वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर चार वर्षांची मांडावी. वरच्या हिशेबात ती १,४०,००० होते, आणि महागाई धरली तर जास्तच. पहिल्या वर्षी सगळे धावतात, हार घालतात, फोटो काढतात. पोरगं अडते ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, जेव्हा हार सुकलेले असतात.

पहिले दार सरकारचे

जे हक्काचे आहे ते आधी घ्यावे. पाव्हण्याकडे जाण्याआधी शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला असावा. शाहू महाराजांच्याच नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याची योजना आहे, आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. हे अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर भरावे लागतात. कॉलेजच्या कचेरीत किंवा गावातल्या सेवा केंद्रात ते भरून मिळतात.

घरात मुलगी असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खाजगी अभिमत विद्यापीठांना आणि संस्थेच्या कोट्यातल्या जागांना ही सवलत नाही. म्हणून प्रवेश घेतानाच कॉलेज कोणत्या प्रकारचे आहे ते विचारावे. "पोरीच्या फीला पैसे नाहीत" असे म्हणून तिला घरी बसवण्याआधी हा कागद पाहावा.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला हे कागद निकालानंतर काढायला धावू नये. मार्च-एप्रिलमध्येच तलाठी आणि तहसील कचेरीची वाट धरावी.

दुसरे दार बँकेचे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंतच्या कर्जाला जमीन-जुमला तारण लागत नाही. हप्ते साधारणपणे शिक्षण संपून वर्षभराने सुरू होतात. पण मधल्या काळातही व्याज चढत असते, हे विसरू नये. जमेल तसे व्याज भरत राहिल्यास पुढचा बोजा हलका होतो.

खाजगी सावकाराचे दार मात्र शेवटचे सुद्धा धरू नये. २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर सही आणि शिक्षणाच्या नावाने जमिनीचे खरेदीखत, या दोन गोष्टी कितीही नड असली तरी करू नयेत. तसेच "एवढे द्या, प्रवेश करून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाला उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

मग माणसांची दारे

सरकार आणि बँक झाल्यावर जी तूट उरते, ती माणसांकडे न्यावी. तेव्हा काही पथ्ये पाळावीत.

शक्य तर शिकणाऱ्या मुलाने स्वतः सोबत जावे आणि स्वतः बोलावे. आनंदीबाई अठरा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या तेव्हा सभेत बोलल्या. आपल्या पोराला मामापुढे बोलायला काय हरकत आहे? बापाने मागितले तर देणारा बापाची ऐपत बघतो, मुलाने सांगितले तर त्याची जिद्द बघतो.

उसने, कर्ज की मदत, हे पहिल्या वाक्यात सांगावे. "बघा जमेल तसे" असे मोघम बोलू नये. त्यातून पुढे भावकीत अढी पडते. उसने असेल तर कधी देणार तो महिना सांगावा आणि दोन ओळी लिहून द्याव्यात. सख्खा भाऊ असला तरी लिहावे. लिहिण्याने विश्वास कमी होत नाही, आठवण पक्की राहते.

एकाकडे सगळे मागू नये. ३५,००० एका पाव्हण्याला जड जातात. सात जणांकडून पाच-पाच हजार आले तर कुणालाच जड जात नाहीत. पैसे शक्यतो थेट कॉलेजच्या किंवा खाणावळीच्या खात्यावर भरायला सांगावेत. देणाऱ्याचे समाधान होते आणि घेणाऱ्यावरही संशय राहत नाही.

केळूसकर गुरुजींसारखा माणूसही शोधावा. त्यांनी स्वतःच्या खिशातून शिष्यवृत्ती दिली नाही. त्यांनी हुशार मुलाचा हात धरून त्याला देणाऱ्याच्या दारापर्यंत नेले. प्रत्येक गावात असे एखादे मास्तर, पोस्टमन, सोसायटीचे सचिव असतातच. पैसा नसला तरी शब्दाला वजन असते, ते वापरायला त्यांनीही मागेपुढे पाहू नये.

मूठभर धान्याचे बळ

देणाऱ्यांसाठीही चार शब्द. आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजला २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहातली मुले जेवावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. आणि गावोगावच्या बायांनी रोज दळणातली मूठभर धान्याची बाजू काढली, तिला मुष्टिफंड म्हणत. त्या मुठींवर पोरे जेवली आणि शिकली. जोडीला 'कमवा आणि शिका' होते, म्हणजे घेणाऱ्याच्या हातालाही काम होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही ही योजना चालत आली आहे.

आज मूठ धान्याची नसली तरी चालेल. दूध संस्थेतल्या दहा घरांनी पंधरवड्याच्या बिलातून पन्नास-पन्नास रुपये बाजूला टाकले तर वर्षाला बारा हजार होतात. तालीम मंडळाने गणपतीच्या वर्गणीतला एक हिस्सा ठेवला, भिशीतल्या बायकांनी जूनची पहिली उचल शिकणाऱ्या मुलीच्या घराला दिली, तर गावातले एक तरी लेकरू दरवर्षी तरून जाईल. मात्र दिलेल्या पैशाचा डंका पिटू नये. चावडीवर "त्याची फी मी भरली" असे म्हटले की दिलेले सगळे फुकट जाते. घेणारे लेकरू ते जन्मभर विसरत नाही.

घेतल्यानंतरचे कर्तव्य

घेणाऱ्याने एक छोटी वही ठेवावी. कुणाकडून किती, कोणत्या तारखेला, उसने की मदत, हे सगळे लिहावे. परीक्षेचा निकाल लागला की ज्यांनी दिले त्यांना जाऊन सांगावे. कमी गुण पडले तरी सांगावे, नापास झाले तरी सांगावे. लपवालपवीनेच माणसे दुरावतात, नापास झाल्याने नव्हे. उसने ठरल्या महिन्यात फेडावे. ऊस तुटायला उशीर झाला तर मुदतीच्या आधी जाऊन तसे सांगून यावे.

आणि जी मदत परत घ्यायची नाही असे सांगून कुणी दिली असेल, ती पुढच्या लेकरावर फेडावी. पहिला पगार झाला की त्यातला थोडा भाग गावातल्या शाळेत पाठवावा. वहीत तेवढ्यासाठी एक कोरे पान आधीच सोडून ठेवावे, आणि त्यावर मुलाच्या हातानेच तारीख घालायला लावावी.